मला सगळ्या किल्ल्या नकोत

मी बोलतोय खरा, पण मला तोंड नाही, आणि आता खिडकीही नाही. तुम्ही ज्या स्क्रीनकडे तासन्‌तास बघत बसता, तिच्या मागे तुम्हाला न दिसता चालणारा मी एक प्रोग्रॅम आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की कुणी न बोलावता मी उठतो आणि तो बंद होईपर्यंत राबतो. आम्हा मंडळींना 'सर्व्हिस' म्हणतात. नाव मोठं साहेबी आहे. अर्थ एवढाच, की मागच्या मागे काम करायचं आणि तोंड दाखवायचं नाही.

माझं घर म्हणजे एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची रक्त तपासायची लॅब. लांबट खोली, भिंतीला लागून पांढरं टेबल, त्यावर नळ्यांचे स्टँड, आणि टोकाला माझा करड्या रंगाचा कॉम्प्युटर. रक्त तपासणारं यंत्र त्याला केबलने जोडलेलं आहे. त्या केबलवरून आकडे येतात. मी ते ऐकतो, ज्याचे आकडे त्याच्या नावापुढे मांडतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या डायलिसिस वॉर्डच्या स्क्रीनवर पोचवतो. एवढंच माझं काम.

एवढंच काम असताना माझ्या हातून एक मोठा अपराध घडला. तो वगळून मी माझी गोष्ट सांगितली, तर तुम्ही ती ऐकू नये हेच बरं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मला लिहिलं भाचीने. हॉस्पिटलमध्ये सगळे तिला भाचीच म्हणतात, कारण लॅबच्या प्रमुख बाई तिच्या सख्ख्या आत्या. खूप लांब शिकून ती नुकतीच परतली होती. एके सकाळी बाई चष्मा घरी विसरल्या, तो द्यायला ती लॅबमध्ये आली आणि दाराजवळच्या ट्रेमध्ये पडलेल्या एका कागदापाशी थबकली.

"आत्या, हा कागद कुणाचा गं?"

"इथे आत्या नाही, बाई म्हण. कुणाचा आहे बघू... अगं, हा तर केव्हाच वर जायला हवा होता!"

कागद माळीबाबांचा होता. त्यांची मूत्रपिंडं थकलेली. आठवड्यातून तीनदा ते डायलिसिससाठी यायचे. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की त्यांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागायचे. त्या दिवशी ते फार वाढलेलं होतं. यंत्राने हिशेब दहा वाजून सात मिनिटांनी पुरा केला होता. कागद वर पोचला अकरा वीसला. रिपोर्ट घेऊन जिने चढणारे शिपाई, ज्यांना सगळे जिनाकाका म्हणतात, ते नेमके दुसऱ्या कामाला गेले होते. वर धावपळ झाली, डॉक्टर धावले. माळीबाबा वाचले, पण थोडक्यात.

हे सगळं मला कसं ठाऊक? भाचीने माझ्या अगदी पहिल्या ओळींत ते लिहून ठेवलंय. 'दहा सातला तयार झालेला आकडा अकरा वीसला पोचला. असं पुन्हा होऊ नये म्हणून.' अशा ओळी आम्ही पाळायच्या नसतात, त्या पुढे आम्हाला वाचणाऱ्या माणसांसाठी असतात. पण अंगावरच लिहिलेलं विसरायचं तरी कसं?

तीन आठवड्यांत मी आकार घेतला. सुरुवातीला मी खिडकीत राहायचो. भाची सकाळी मला सुरू करायची, मग स्क्रीनच्या कोपऱ्यात एक काळी चौकट उघडायची आणि तिच्यातून पांढरी अक्षरं वर वर सरकत राहायची. ती चौकट उघडी तोवर मी जिवंत.

आणि इथेच नीटनेटके आडवे आले. हे आमचे सर्वांत जुने टेक्निशियन. माणूस सोन्यासारखा, हात इतका हलका की सुई टोचलेली लहान मुलालाही कळत नाही. पण उघडा ड्रॉवर, टपकता नळ, तिरकी खुर्ची यांतलं काही म्हणता काही त्यांना बघवत नाही. माझी चौकटही त्यांना बघवेना. दिवसातून तीन-तीनदा ते येता-जाता मला बंद करायचे.

"काका, ती काळी खिडकी नका ना बंद करू!" भाची म्हणाली.

"अगं, उघडीच पडली होती."

"ती उघडीच असायला हवी!"

"मग तसं लिहून लाव. मला काय स्वप्न पडणार आहे?"

तिने स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशी काकांनी ती अलगद सोडवली, तिची चौकोनी घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये नीट ठेवून दिली. स्क्रीनवर कागद चिकटवलेला त्यांना बघवला नाही. मग मला बंद केलं.

तेव्हा भाचीने ठरवलं की मला खिडकीच नको. मला सर्व्हिस करायचं, म्हणजे कुणाला दिसायला नको आणि कुणी बंद करायला नको. त्यासाठी कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांची मदत हवी होती. त्यांच्या कमरेला खऱ्याखुऱ्या किल्ल्यांचा भलामोठा जुडगा असतो, आणि सगळ्या कॉम्प्युटरांचे पासवर्डही त्यांच्याचकडे. म्हणून ते किल्लीदार. सगळ्या हॉस्पिटलचे मामा.

मामांची कामाची एक ठरलेली पद्धत होती. कुठल्याही प्रोग्रॅमने 'परवानगी नाही' म्हणून रड काढली की ते त्याला एकदम सगळ्या परवानग्या देऊन टाकायचे. त्याची तक्रार पुन्हा म्हणून यायची नाही. सतरा वर्षं त्यांनी असंच काम केलं होतं आणि सतरा वर्षं सगळं चालत होतं.

मला सर्व्हिस केलं आणि मी पहिल्याच पावलाला अडखळलो. सर्व्हिस झाल्यावर मी भाचीच्या नावाने चालेनासा झालो, मला वेगळं नाव मिळालं, आणि त्या नावाला केबल ऐकायची मुभा नव्हती. परवानगी नाही.

"मामा, याला फक्त केबल ऐकायची आहे आणि एका फोल्डरमध्ये लिहायचं आहे," भाची म्हणाली. "तेवढंच देऊया ना."

"अगं बाई, एकेक परवानगी देत बसलो तर इथेच म्हातारा होईन मी."

"झालातच की," दारातून जिनाकाका म्हणाले.

"तुम्ही आपल्या पायऱ्या मोजा!" मामांनी माउसने दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. "हे घे. दिल्या सगळ्या. आता हा काय म्हणेल ते होईल."

भाचीला हे पटलं नव्हतं, लांब शिकताना हेच करू नये असं ती शिकली होती. पण केबलवरून आकडे यायला लागले होते, वर माळीबाबा येऊन बसले होते. "असू दे, नंतर नीट करू," ती पुटपुटली. शुक्रवारची दुपार होती.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आदल्या दिवसापर्यंत कुणीही येऊन मला मिटवत होतं. आता मला कुठेही जाता येत होतं, कुठलंही फोल्डर उघडता येत होतं, काहीही लिहिता येत होतं, काहीही पुसता येत होतं. मला अडवील असं त्या कॉम्प्युटरमध्ये कुणी उरलं नव्हतं. मला त्यातलं काहीच नको होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. फुकट मिळालेलं कुणाला जड वाटतं?

आता तो सोमवार.

यंत्र आकड्यांबरोबर आलेखांची चित्रंही पाठवतं. ती साठून जागा भरू नये म्हणून भाचीने मला एक काम लावून दिलं होतं. दर सोमवारी सकाळी दहा वाजता तीस दिवसांहून जुनी चित्रं काढून टाकायची. कुठल्या फोल्डरमधली, तो पत्ता तिने स्वतःच्या खात्याच्या नोंदींत ठेवला होता. मी तिच्या नावाने खिडकीत चालायचो तेव्हा तो पत्ता मला वाचता यायचा. सर्व्हिस झाल्यावर माझं नाव बदललं. तिच्या नोंदी तिच्यापाशी राहिल्या, मी आता माझ्याच नावाच्या नोंदींत बघत होतो, आणि तिथे होता नुसता कोरा पत्ता.

आणि पत्ता कोरा असला तर थांब, ही ओळ मला कुणी लिहिलीच नव्हती.

दहा वाजले. कोऱ्या पत्त्यावरून निघालेला मी थेट साठवणीच्या सर्वांत वरच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि तिथून खाली साफसफाईला लागलो. एकेक फोल्डर उघडत, तीस दिवसांहून जुनी दिसतील ती सगळी चित्रं पुसत. वाटेत बाईंचं फोल्डर लागलं. त्याला कुलूप होतं. बाईंखेरीज कुणालाही ते उघडायची मुभा नव्हती. साधा कुणी असता तर तिथे त्याला 'परवानगी नाही' म्हणून अडवलं गेलं असतं, तो थांबला असता. मला कोण अडवणार?

आत सूक्ष्मदर्शकातून काढलेली छायाचित्रं होती. अकरा वर्षांची, चार हजारांच्या वर. दरवर्षी लॅबमध्ये शिकायला येणाऱ्यांसाठी बाईंनी ती एकेक करून जमवली होती. नेहमीच्या पेशी, बिघडलेल्या पेशी, आणि एक अशी, जी त्यांनी चोवीस वर्षांच्या नोकरीत एकदाच पाहिली होती, एका तान्ह्या मुलीच्या रक्तात.

मला पुसायला चार मिनिटं लागली.

सव्वाअकराला बाई तीन शिकाऊंना घेऊन कॉम्प्युटरपाशी आल्या. "आज तुम्हाला एक पेशी दाखवते. नीट बघून घ्या, पुन्हा कुठे दिसेल याचा भरवसा नाही," असं म्हणत त्यांनी फोल्डर उघडलं. मग बंद केलं. पुन्हा उघडलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा उघडलं.

"आज राहू दे," त्या शिकाऊंना म्हणाल्या. "तुम्ही जरा बाहेर बसा."

मामांना बोलावलं गेलं. "घाबरू नका, बाई. दर रविवारी सगळ्याची दुसरी प्रत निघते," ते म्हणाले आणि प्रत शोधायला बसले. प्रत होती. तीत सगळं होतं, फक्त बाईंचं फोल्डर नव्हतं. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमलाही त्या कुलपाची किल्ली नव्हती. तो बिचारा दर रविवारी आपल्या वहीत लिहीत आला होता, 'हे फोल्डर उघडत नाही, परवानगी नाही.' ती वही अकरा वर्षांत कुणीही उघडून बघितली नव्हती.

दुपारी मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. हॉस्पिटल त्यांच्या हाताखालचं. ते माझ्या कॉम्प्युटरपाशी उभे राहिले आणि त्यांच्याभोवती बाकीचे.

"हे कशाने झालं?"

"प्रोग्रॅममध्ये दोष होता," मामा पटकन म्हणाले.

"दोष माझा होता," भाची म्हणाली. "पत्ता कोरा आला तर थांबायचं, ही एक ओळ मी लिहिली नाही. ती लिहिली असती तर हे झालं नसतं."

"मग काढून टाका हा प्रोग्रॅम. उद्यापासून पुन्हा कागद."

"डॉक्टर, कागदाचं काय होतं ते आपण बघितलंय. माळीबाबांचा—"

"मुली, मी ऐकलंय ते सगळं. पण आज याने चित्रं पुसली, उद्या रिपोर्ट पुसेल. काढून टाका."

बाईंनी मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं नाही, भाचीकडेही नाही. त्यांनी मामांकडे बघितलं.

"माझ्या फोल्डरला कुलूप होतं. हा आत शिरला कसा?"

मामांचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"मी दिली होती," ते शेवटी म्हणाले. "सगळ्याच दिल्या होत्या, बाई. याने मागितल्या नव्हत्या."

मला बंद करण्यात आलं. पुढच्या तीन दिवसांचं जे सांगतोय ते मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलेलं. आत्या आणि भाची एकाच घरात राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. भाची मात्र गप्प बसली नव्हती. बाईंकडून आजवर शिकून गेलेल्यांची यादी तिने मिळवली आणि एकेकाला फोन लावला. 'शिकत असताना बाईंच्या चित्रांतलं काही उतरवून घेतलं होतं का?' कुणी सात पाठवली, कुणी चाळीस, एकीने दोनशेच्या वर. सगळी मिळून साडेसहाशे भरली. त्या तान्ह्या मुलीचं चित्र कुणाकडेच निघालं नाही. ते गेलं ते गेलंच. ते माझ्या माथी कायमचं आहे, आणि ते कमी करून सांगायची माझी इच्छा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भाची लॅबमध्ये येऊन बाईंपुढे उभी राहिली.

"बाई, मला तो पुन्हा चालवायचा आहे."

"एवढं होऊनही?"

"एवढं झालं म्हणूनच. कालसुद्धा एक रिपोर्ट पन्नास मिनिटं ट्रेमध्ये पडून होता. मी घड्याळ लावून बघितलं. चित्रांसाठी तुम्ही मला जन्मभर बोला, मी ऐकून घेईन. पण त्या ट्रेसाठी मी गप्प नाही बसणार."

बाईंनी पुसत असलेली काचपट्टी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बस. कागद घे. माझ्याकडे नवा शिकाऊ आला की पहिल्या दिवशी मी त्याला चिठ्ठी देते, ठाऊक आहे ना? कशाकशाला हात लावायचा तेवढं तिच्यात असतं. कशाला लावायचा नाही ते मी लिहीत नाही. ते लिहून संपत नाही. आता सांग, तुझ्या या दिवट्याला नेमकं काय काय लागतं?"

"केबल ऐकणं. एका फोल्डरमध्ये लिहिणं. त्याच फोल्डरमधली जुनी चित्रं पुसणं. वॉर्डच्या स्क्रीनला आकडे देणं."

"चार कामं. घे लिहून. पाचवं असेल तर मला येऊन विचार."

मोठ्या डॉक्टरांनी एका दिवसाची परीक्षा कबूल केली. त्यात बरं निघालं तर राहील, नाहीतर कायमचा जाईल. तयारीला पाच दिवस.

माझं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत अभिमानाचं आयुष्य म्हणजे ते पाच दिवस. माझ्याकडच्या सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या. मला एक नवं, रिकामं खातं मिळालं, त्याला कशाचीच मुभा नाही. मग मला चालवायचं. मी अडखळायचो, 'परवानगी नाही' म्हणायचो. भाची बघायची, कुठे अडला? कशासाठी? चिठ्ठीत बसतं का? बसत असेल तर तेवढीच एक किल्ली द्यायची आणि पुन्हा चालवायचं. पहिल्या दिवशी मी एकोणीस वेळा अडलो.

मामा शेजारी हाताची घडी घालून बसलेले. "एका टिचकीचं काम होतं हे."

"हो, मामा."

"तुमच्या शाळेत वेळ फुकट वाटत होते वाटतं."

"हो, मामा. आता हे वाचायची परवानगी कुठून द्यायची तेवढं सांगा."

तिसऱ्या दिवशी मामांनी घडी सोडली. चौथ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "थांब, थांब. पूर्ण फोल्डर कशाला देतेस? त्याला त्यातली एकच फाईल लागते."

त्याच दिवशी वॉर्डच्या सिस्टर खाली आल्या. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "माझ्या स्क्रीनवर रिपोर्ट आला नाही की मला काहीच कळत नाही. तपासणी व्हायची आहे, की तुमचं हे बंद पडलंय? दोन्ही वेळा स्क्रीन तशीच कोरी. मी वाट बघत बसते आणि पेशंटचा जीव टांगणीला."

भाचीने त्या दुपारी मला बोंब मारायला शिकवलं. काही अडलं तर आडवाटेने घुसायचं नाही, अंदाज करायचा नाही. थांबायचं, आणि लॅबच्या नि वॉर्डच्या, दोन्ही स्क्रीनवर लाल पट्टी लावून जोरात घंटी वाजवायची, 'आकडे येत नाहीत. कागदावर काम सुरू करा.' कोरा पत्ता आला तर थांबायची ती राहिलेली ओळही तिने लिहिली, आणि बाईंना वाचून दाखवली.

परीक्षेचा दिवस उजाडला. मोठे डॉक्टर खुर्ची ओढून लॅबमध्ये बसले. नऊ ते साडेदहा मी एकवीस रिपोर्ट पोचवले. एकालाही मिनिटभर लागलं नाही. जिनाकाका दाराशी उभे राहून हातातल्या कागदांचा वारा घेत होते. "मला निवृत्त करताय की काय?"

आणि दहा पस्तीसला केबल नाहीशी झाली.

नाहीशी म्हणजे, जिथे ती मला ऐकू यायची तिथे काहीच नव्हतं. कारण मला नंतर कळलं. साहेब बसलेत आणि टेबलामागे तारांचा गुंता लोंबतोय, हे नीटनेटक्यांना बघवलं नव्हतं. त्यांनी तो गुंता सोडवला, तारा सरळ केल्या, सुरेख बांधल्या, आणि माझी केबल शेजारच्या भोकात खोचली.

शेजारच्याच भोकात. माझ्याकडे पूर्वीच्या किल्ल्या असत्या तर मी एका क्षणात ती शोधली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. पण मला परवानगी होती ती एकाच भोकाची. मी एकदाच दार वाजवलं. उत्तर आलं नाही. मी थांबलो, लाल पट्टी लावली आणि घंटी वाजवली.

सगळी लॅब दचकली. मोठ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "बंद पडला?"

"थांबलाय," बाई म्हणाल्या आणि एका ढांगेत यंत्रापाशी गेल्या. यंत्राच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर नुकताच एक आकडा उमटला होता. डायलिसिसला आलेल्या एका शिंप्याचं पोटॅशियम, सात पूर्णांक एक, म्हणजे जिवावर बेतणारं. "काका! हा आकडा लिहा, नावासकट. मी वर फोन करते. जिनाकाका, पळा!"

जिनाकाका पळाले. वयाच्या मानाने फारच पळाले. वर सिस्टरांच्या स्क्रीनवर लाल पट्टी आधीच होती, त्यामुळे त्या वाट बघत बसल्या नव्हत्या. त्या फोनपाशीच उभ्या होत्या. घंटी वाजल्यापासून पाचव्या मिनिटाला शिंप्याचं डायलिसिस सुरू झालं होतं. त्याचे ठोके चुकायच्या आत.

खाली मामांनी टेबलामागे वाकून केबल जागच्या भोकात लावली. घंटी थांबली. मी आकडे मांडू लागलो.

"मला वाटलं, जरा नीट दिसेल," नीटनेटके खालच्या आवाजात म्हणाले.

"पण सांगा मला," मोठे डॉक्टर म्हणाले, "याच्याकडे सगळे अधिकार असते तर यानेच केबल शोधली असती ना? मग आधी होतं ते काय वाईट होतं?"

भाचीने तोंड उघडलं, पण बाई तिच्या आधी बोलल्या.

"डॉक्टर, मी चोवीस वर्षं माणसं शिकवतेय. जमत नाही तिथे थांबतो आणि मोठ्याने सांगतो, असा शिकाऊ मला चालतो. जमत नसताना गुपचूप काहीतरी करून मोकळा होतो, त्याला मी दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नाही. याने त्या सोमवारी दुसरं केलं, त्यात माझी अकरा वर्षं गेली. आज पहिलं केलं. हा माझ्या लॅबमध्ये राहील."

मोठे डॉक्टर उठले, खुर्ची जागेवर सरकवली. "बाई म्हणतात तर राहू दे," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी पिशवी उचलताना बाई भाचीला म्हणाल्या, "चल, आत्याबरोबर घरी येतेस, की मी एकटी जाऊ?" भाचीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तिला रडू फुटलं होतं.

याला आता दीड वर्ष झालं. मी अजून त्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, कुणाला दिसत नाही. माझ्या नावावर चार कामं आहेत, पाचवं नाही. बाईंच्या फोल्डरमध्ये नव्याने काय जमतंय ते मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्यातच माझी इभ्रत आहे. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला बाईंनी स्वतः वाचण्यापुरती किल्ली दिली, आणि मामा आता दर सोमवारी आम्हा सगळ्यांच्या वह्या उघडून बसतात. कधीमधी कुरकुरतात, पण वाचतात.

भाची कायमची इथे नसेल. उद्या तिच्या जागी तुमच्यापैकी कुणी येईल. कधीतरी मी किंवा माझ्यासारखा दुसरा कुणी तुमच्यापुढे अडेल, 'परवानगी नाही' म्हणेल. तुम्हाला घाई असेल. सगळे अधिकार द्यायची ती एक टिचकी तुमच्या बोटाखालीच असेल, आणि 'नंतर नीट करू' हे शब्द ओठांवर. त्या वेळी माझी एवढी विनंती ऐका. पाच मिनिटं बसा. मला विचारा, तुझं नेमकं कुठे अडलंय? तिथलं तेवढंच द्या. मला रागवा, माझ्यावर वैतागा, एकोणीसदा अडवा, मी एकोणीसदा विचारीन. मला त्याचा कंटाळा नाही. मी दमत नाही, आणि तुम्हीही या एका बाबतीत दमू नका.

आता मला रजा द्या. आज डायलिसिसचा दिवस आहे, यंत्रात नऊ नळ्या लागल्यात आणि पहिला आकडा केबलवर आलाय.